बिऱ्हाड हलवताना ढेकूण सोबत येऊ नयेत म्हणून

मे महिना लागला की सांगलीत बिऱ्हाडं हलू लागतात. शाळांना सुट्टी असते, अकरा महिन्यांचे करार संपत आलेले असतात, आणि पावसाची झड लागायच्या आत नव्या जागेत जाऊन पडावं असं सगळ्यांनाच वाटतं. विश्रामबागेत, वानलेसवाडीकडे, मिरजेच्या कॉलन्यांमधून छोटा हत्ती गाद्या-कपाटं लादून फिरताना दिसतात. त्या गाद्यांच्या शिवणीत आणखी कोण बसलंय, हे मात्र कुणी बघत नाही. नव्या घरात दूध उतू घालून महिना-दीड महिना होतो, एका रात्री कुणीतरी दिवा लावून उशी उलटी करतं, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "या घरातच होते वाटतं ढेकूण."

असतीलही. पण घरमालकाला फोन लावण्याआधी आपलं सामान आठवून बघावं. ढेकूण भिंतीतून उगवत नाही, अस्वच्छतेतून तयार होत नाही, खिडकीतून उडूनही येत नाही. त्याला पंख नाहीत, उडी मारता येत नाही. तो चालतो, आणि लांब जायचं असेल तर सामानात बसून जातो. म्हणूनच घर बदलणं ही त्याच्यासाठी पर्वणी असते. आणि नीट वापरली तर आपल्यासाठीही, कारण घरातली प्रत्येक वस्तू एकदा तरी हातात येते असा प्रसंग वर्षानुवर्षांत हा एकच. त्यामुळे ढेकणांचा निकाल लावायचा तो बांधाबांध करतानाच. सामान गाडीत चढल्यावर केलेले उपाय महागात पडतात आणि अर्धवट राहतात.

आधी हा प्राणी समजून घेऊ

ढेकणाच्या दोन जाती माणसाच्या मागे लागलेल्या आहेत. थंड मुलुखातली सिमेक्स लेक्ट्युलॅरियस आणि उष्ण मुलुखातली सिमेक्स हेमिप्टेरस. आपल्याकडे मुख्यतः दुसरी. हा फरक शास्त्रज्ञांपुरताच आहे असं वाटेल, पण पुढे एका ठिकाणी तो कामाला येतो.

पूर्ण वाढलेला ढेकूण पाच ते सात मिलिमीटरचा, चपटा, तांबूस-तपकिरी. दिसायला अख्ख्या मसुरासारखा. रक्त प्यायला की फुगतो, लांबट होतो, रंग गडद लाल. अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, पांढुरकं, आणि जिथे घातलंय तिथे घट्ट चिकटवलेलं. नुसतं झटकून ते पडत नाही. आपल्याकडच्या हवेत साधारण सहा ते दहा दिवसांत पिल्लू बाहेर येतं. ते पाच वेळा कात टाकतं आणि प्रत्येक काती आधी त्याला एकदा तरी रक्त लागतं. दीड-दोन महिन्यांत पिल्लाचा पूर्ण ढेकूण होतो. मादी रोज एक ते पाच अंडी घालते, आयुष्यभरात शेकड्यांनी. जोडा जमलेली एकच मादी सामानातून आली तरी नवं घर भरायला पुरते. पुढे तिची पिल्लं आपापसांतच वाढत जातात, बाहेरून आणखी कुणी यावं लागत नाही. "एखाद-दुसरा असेल, काय होतंय" या बोलण्याला काही अर्थ उरत नाही तो यामुळे.

दिवसभर तो फटीत असतो. रात्री आपण सोडलेला श्वास, अंगाची ऊब आणि वास यांच्या मागावर येतो, पाच-दहा मिनिटं रक्त पितो आणि परत फटीत जातो. उवेसारखा अंगावर राहत नाही. एकदा पोट भरलं की पुढचे काही दिवस बाहेरही पडत नाही. म्हणजे एक रात्र जागून टॉर्च मारला आणि काही दिसलं नाही, तर त्यातून फारसं काही सिद्ध होत नाही.

उपाशी किती दिवस राहतो? गार हवेत फार जास्त, उकाड्यात कमी, पण कमी म्हणजेही आठवडे-महिने. घर दोन महिने बंद होतं म्हणून ढेकूण मेले असतील, हा हिशेब चुकतो. तसंच जुनी गादी माळ्यावर टाकून दिली की प्रश्न मिटला, हाही.

रोगाचं म्हणाल तर, डास जसा मलेरिया किंवा डेंग्यू देतो तसा ढेकूण माणसाला एखादा रोग देतो असं सिद्ध झालेलं नाही. खाज, खाजवून झालेल्या जखमा आणि झोपेचं खोबरं, हा खरा त्रास. घरात एकालाच चावे दिसतात आणि बाकीचे म्हणतात, "तुला काहीतरी वेगळंच झालंय." चावतो तो सगळ्यांनाच. काहींच्या कातडीवर काहीच उठत नाही, काहींना गांधी उठायला दिवसच्या दिवस जातात. म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर बऱ्याचदा काही दिसत नाही, म्हणून आजी-आजोबांची गादी तपासायची राहून जाते. तीच आधी बघावी.

निघायच्या आधी घर तपासणं

महिनाभर आधी सुरुवात केली तर उत्तम. हातात टॉर्च आणि एखादं जुनं एटीएम कार्ड घ्या. गादीच्या चारी कडांची शिवण कार्डाने उलगडत जा. गादीला बटणं असतील तर प्रत्येक बटणाखाली बघा. शोधायच्या चार गोष्टी: जिवंत ढेकूण, टाकलेली कात, अंडी, आणि काळे ठिपके. हे ठिपके म्हणजे त्याची विष्ठा, पचलेलं रक्त. बॉलपेनने टिंबं दिल्यासारखी दिसतात आणि ओल्या फडक्याने पुसली की तांबूस-काळी पसरतात. मुंगीचा किंवा झुरळाचा डाग असा पसरत नाही.

खरी वस्ती पलंगात असते, त्यातही आपल्या लाडक्या दिवाणात. प्लायवूडचा बॉक्स, आत रजया भरलेल्या, वर तीन फळ्या. फळी उचलून बाजूला ठेवली की आपण आतल्या रजया बघतो आणि झाकण लावतो. बघायची असते ती फळीची खालची बाजू, जिथे सनमायका नसतो आणि प्लायची खरखरीत कड उघडी असते. बिजागरीचे स्क्रू जिथे बसलेत त्या खड्ड्यात टॉर्च तिरका धरा. समोरून मारलेल्या उजेडात नुसता काळोख दिसतो, तिरक्या उजेडात खड्ड्याच्या कडेला काळे ठिपके आणि आत दोन-तीन पाय हलताना दिसतात. सुताराने जादा पाडून सोडून दिलेली भोकंही तशीच तपासा. मग पलंगामागची भिंत: स्विचबोर्डची कड, कॅलेंडरमागचा खिळा, देवाच्या तसबिरीची मागची पट्टी, पडद्याच्या वरच्या चुण्या, दाराची चौकट आणि गिलावा यांच्यामधली फट. ढेकणांची वस्ती आपण झोपतो त्या जागेपासून दोन-तीन हातांच्या आत जास्त असते. स्वयंपाकघरातले डबे तपासत बसू नका.

आणि वाकळ. आपल्या भागात अजूनही घरोघरी एखादी तरी वाकळ असते, जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर आणि त्यावर हातभर लांबीचे धावदोरे. प्रत्येक टाक्यापाशी कापड किंचित दबलेलं असतं आणि दोन थरांत पोकळी राहते. कडेची पट्टी जिथे दुमडून शिवलेली असते, तिथे नख घालून उलटं करून बघा. आईच्या हातची वाकळ फेकायची नसते, हे मान्य. फेकायची गरजही नाही, ती धुता येते. कशी, ते पुढे.

फवारा मारून निघू नका

हा सल्ला पुष्कळांना उलटा वाटेल. निघायच्या आदल्या दिवशी दुकानातून स्प्रे आणून गाद्यांवर मारायचा आणि निर्धास्तपणे सामान भरायचं, असं बरेच जण करतात. त्याने होतं काय, तर समोर दिसणारे चार मरतात आणि फटीतले बाकीचे बिथरून पांगतात. कालपर्यंत एका पलंगात असलेली वस्ती आता पुस्तकांच्या खोक्यात, टीव्हीच्या स्टँडमध्ये, कपड्यांच्या गाठोड्यात जाते. आणि ते सगळं तुम्ही स्वतःच्या हाताने नव्या घरात नेता. धूर सोडणारे डबे तर त्याहून कुचकामी, कारण तो धूर हवेत तरंगतो, फटीत शिरत नाही.

दुसरी गोष्ट अशी की घरगुती स्प्रेमधली पायरेथ्रॉइड जातीची औषधं ढेकणाने बऱ्याच अंशी पचवली आहेत. हे पूर्वीही झालंय. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास डीडीटी आली आणि पुष्कळ ठिकाणी ढेकूण दिसेनासे झाले. पण १९४७ मध्येच हवाईतल्या पर्ल हार्बरच्या लष्करी बराकींत डीडीटीला दाद न देणारे ढेकूण सापडले होते. आपल्याकडे १९५३ पासून मलेरियासाठी घरोघर डीडीटी मारली गेली, तिचीही त्यांना पुढे सवय झाली. औषधातून जे वाचतात त्यांचीच पिल्लं पुढे येतात, इतका साधा हा मामला आहे.

घरगुती उपायांचं थोडक्यात सांगतो. कापूर, कडुनिंब, डांबरगोळ्या यांच्या वासाने ढेकूण मरत नाही, फार तर जागा बदलतो. बोरिक पावडर झुरळावर चालते कारण झुरळ पाय-मिशा चाटतं आणि पावडर पोटात जाते. ढेकणाच्या पोटात रक्ताशिवाय काही जात नाही, त्यामुळे ती त्याच्यासाठी जवळजवळ निरुपयोगी. रॉकेल ओतणं हा जुन्या लोकांचा उपाय. पण प्लायचा पलंग, फोमची गादी आणि शेजारी देवघरातली समई, हे डोळ्यांपुढे आणा आणि सोडून द्या.

एक मात्र थोडक्यात सांगण्यासारखं नाही. धान्यात कीड लागू नये म्हणून गोदामात ज्या गोळ्या ठेवतात, त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. आपला भाग शेतीचा, हळदीच्या आणि धान्याच्या पेठेचा. ओळखीने त्या गोळ्या मिळवून दिवाणात ठेवणारे लोक आहेत. हवेतल्या ओलाव्याने त्या गोळीतून फॉस्फिन वायू निघतो. तो बंद दाराखालून, भिंतीतल्या फटींतून शेजारच्या खोलीत जातो आणि झोपलेली माणसं मारतो. यावर उतारा नाही. भारतात घरात ठेवलेल्या अशा गोळ्यांनी माणसं, त्यातही लहान मुलं, दगावलेली आहेत. या गोळ्या सर्वसामान्यांना विकायला परवानगी नाही ती उगाच नाही. तीच गोष्ट डायक्लोरव्हॉसची. झोंबऱ्या वासाचं हे औषध पूर्वी सर्रास मिळायचं, ३१ डिसेंबर २०२० पासून देशात त्यावर बंदी आहे. कुणी जुनी बाटली काढून "एकदम जालीम आहे" म्हणून देऊ लागलं तर हात जोडावेत.

फवारणी करायचीच असेल तर परवाना असलेल्या माणसाकडून, सामान बांधायच्या निदान तीन आठवडे आधी, आणि दोनदा. पहिल्या फवारणीत अंडी बऱ्याचदा वाचतात. ती फुटून पिल्लं बाहेर आली की, म्हणजे दहा-पंधरा दिवसांनी, दुसरी फवारणी लागते. "एका वेळेत गॅरंटी" म्हणणाऱ्यापेक्षा दुसरी तारीख आधीच ठरवणारा माणूस बरा.

उष्णता हे खरं औषध

उष्णतेची सवय ढेकणाला अजून लावून घेता आलेली नाही. साधारण ४८ अंश सेल्सियसला पूर्ण वाढलेले ढेकूण वीसेक मिनिटांत मरतात, पण त्याच उष्णतेत अंड्यांना तास-सव्वा तास लागतो. ५५ अंशांच्या पुढे गेलं की अंड्यासकट सगळ्यांचा खेळ लगेच संपतो. हे दोन आकडे लक्षात ठेवले की बाकीचं तुमचं तुम्हालाच सुचत जाईल.

कपडे, चादरी, उशांचे अभ्रे, पडदे: ६० अंशांच्या पाण्यात धुवायचे. मशीनला गरम पाण्याची सोय असेल तर तेच बटण. नसेल तर गिझरचं किंवा बंबातलं कढत पाणी बादलीत, आणि कपडे त्यात बुडवून झाकण. वाकळ याच रीतीने. मोठं घमेलं किंवा टाकी घ्या, पाणी हात घालवणार नाही इतकं गरम हवं, वाकळ पूर्ण बुडाली पाहिजे आणि पाणी कोमट होऊ लागलं की पुन्हा कढत पाणी घालायचं. जाड असल्यामुळे आतल्या थरापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो. गार पाण्यात दिवसभर भिजवून ठेवलं तर चालते-फिरते ढेकूण मरतात, अंडी मात्र जगतात. म्हणून नदीवर किंवा हौदावर नेऊन नुसती आपटून आणलेली वाकळ पंधरवड्याने पुन्हा चावू लागते. धुऊन झालेले कपडे सुती असतील तर कडक इस्त्री करा, शिवणीवर इस्त्री जरा थांबवून.

आता उन्हाचं. "गाद्या गच्चीवर टाकल्या होत्या की दोन दिवस!" सांगलीचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे चाळीस अंशांच्या आसपास, गच्चीच्या फरशीवर पाय ठेववत नाही. पण चाळीस ही हवेची उष्णता झाली, आणि ढेकणाला लागतात अठ्ठेचाळीसच्या वर. उघड्या गादीचा वरचा पापुद्रा तापतो, ढेकूण आतल्या गार भागात किंवा खालच्या सावलीत सरकतात आणि संध्याकाळी गादीसोबतच खाली येतात. वेळ वाया गेला असं नाही, उन्हात काही बाहेर पडतात आणि दिसतात तरी. पण खात्रीचा उपाय तो नव्हे. पातळ वस्तूंसाठी ऊन जास्त कामाचं: कपडे, चपला, मुलांची दप्तरं, कापडी खेळणी काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत सैल भरून, तोंड पक्कं बांधून, दुपारभर तापलेल्या फरशीवर. पिशवीच्या मधोमध एक साधा थर्मामीटर ठेवा (ताप बघायचा नव्हे, तो ४२ च्या पुढे जात नाही). पन्नासच्या वर दोन-तीन तास राहिला तर काम झालं. नाही राहिला तर अंदाजाने पुढे जाऊ नका, गरम पाण्याकडे वळा.

पुस्तकं आणि कागदपत्रं ना धुता येत, ना तापवता येत. पलंगाला लागून कपाट असेल तरच त्यांची काळजी. एकेक पुस्तक उघडून कण्याच्या पोकळीत बघायचं. संशय असेल तर थंडीचा उपाय आहे: वजा १८ अंशांना सलग चार दिवस. घरच्या साध्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा बऱ्याचदा तितका गार होत नाही. आइस्क्रीमवाल्यांकडे असतो तसा डीप फ्रीझर मिळाला तर होतं. पण आइस्क्रीमवाला हो म्हणेल का, ते तुमच्या ओळखीवर.

कपाटाच्या लॉकरमधल्या पैठण्यांना, शालूंना उगाच हात लावू नका. झोपायच्या जागेपासून लांब, बंद कपाटातल्या रेशमाचा आणि ढेकणांचा फारसा संबंध नसतो. उलट मळलेल्या कपड्यांचं गाठोडं जपा. शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की धुतलेल्या कपड्यांच्या मानाने वापरलेल्या कपड्यांवर ढेकूण दुपटीने जास्त जमा होतात, कारण त्यांना माणसाचा वास असतो. हॉस्टेलवरून सुट्टीला येणाऱ्या मुलांच्या बॅगा आठवा. वालचंद किंवा विलिंग्डनची मुलं खोली सोडताना महिन्याभराचे न धुतलेले कपडे एका बॅगेत कोंबतात, ती बॅग रात्रभर कॉटखाली असते, आणि दुसऱ्या दिवशी घरच्या पलंगावर उघडते. बॅग दारातच, कपडे थेट गरम पाण्यात, मगच जेवायला.

लोखंडी कॉटचं काम सगळ्यांत सोपं. अंगणात न्या, सांध्या-सांध्यांवर उकळतं पाणी ओता. प्लायच्या दिवाणावर पाणी ओतलं तर प्लाय फुगेल. तिथे कपड्यांच्या वाफेच्या इस्त्रीची वाफ चालते, पण वाफेचा झोत जोरात आला तर ढेकूण उडून पलीकडे पडतात. नळीच्या तोंडाला सुती फडकं बांधा आणि फटीवरून अगदी सावकाश फिरवा. दिवाण पूर्ण खोलूनच न्यायचा असतो, तेव्हा सुताराने स्क्रू काढले की लगेच, फळ्या एकमेकींवर रचायच्या आधी हे उरकून घ्या.

गादी कापसाची असेल आणि वस्ती भरपूर असेल, तर माझं मत सरळ आहे: ती नेऊ नका. पिंजून घेऊ म्हणत पिंजाऱ्याकडे पाठवणं म्हणजे त्याच्या दुकानातल्या दहा गाद्यांना लागण करणं. चांगली स्प्रिंगची किंवा फोमची महाग गादी असेल तर चेन लागणारं पूर्ण बंद कव्हर घाला आणि वर्षभर ते काढू नका. आतले उपाशी मरतील, पण लवकर नाही.

टाकून द्यायचं ते कसं द्यायचं

इथे थोडं रागावून बोलतो. ढेकूण झालेली गादी "बाकी चांगली आहे" म्हणून धुणंभांडी करणाऱ्या मावशींना देऊन टाकणारी माणसं बघितलेली आहेत. त्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत सगळं घर एका रांगेत झोपतं. फवारणीला द्यायला पैसे नाहीत, उकळतं पाणी करायला गॅस परवडत नाही. याला दान म्हणत नाहीत. द्यायचं असेल तर धुतलेलं, तपासलेलं द्यावं. टाकायचं असेल तर खोळ कापून, वर मार्करने मोठ्या अक्षरांत 'ढेकूण आहेत' असं लिहून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत द्यावं. जिन्यातून उघडी गादी घासत नेली तर वाटेतल्या दारांपाशी चार-दोन गळतात, म्हणून गुंडाळायची ती खोलीतच.

हीच गोष्ट उलट बाजूनेही. नव्या घरासाठी जुन्या बाजारातला दिवाण, सोफा स्वस्तात मिळतो. घ्या, हरकत नाही, पण दुकानातच उलटा करून खालचं कापड बघा. खालचं काळं कापड नव्याने ठोकलेलं दिसलं तर एका कडेने सोडवून आत टॉर्च मारा. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान.

बांधणी आणि गाडी

किराणा दुकानातून आणलेली जुनी खोकी टाळा. पुठ्ठ्याच्या नागमोडी थरात लपायला छान जागा असते, आणि ते खोकं आधी कुणाच्या गोदामात होतं ते आपल्याला ठाऊक नसतं. तपासलेलं, धुतलेलं सामान जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून तोंडाला चिकटपट्टी. पिशवीवर 'झालं' किंवा 'राहिलं' एवढं लिहा. झालेल्या पिशव्या झोपायच्या खोलीत परत ठेवू नका, स्वयंपाकघरात किंवा गॅलरीत ठेवा. नाहीतर रात्रीतून पुन्हा मूळपदावर.

टेम्पो ठरवताना भाड्याबरोबर आणखी एक बोलून घ्यावं. सामानाला खरचटू नये म्हणून गाडीवाल्यांकडे जुन्या गोधड्या, चादरी, पोती असतात. त्याच गोधड्या-चादरी दहा घरांच्या फर्निचरला गुंडाळून फिरत असतात. "दादा, तुमची पांघरुणं नको, आमच्या चादरी देतो. आणि भरायच्या आधी हौदा एकदा झाडून घेऊया." "अवो म्याडम, गाडी सोच्छच हाय की!" असं म्हणतील, पण झाडू हातात दिला तर झाडतीलही. अर्धी गाडी दुसऱ्या बिऱ्हाडाची असेल तर पैसे वाचतात, पण गाद्या शेजारी-शेजारी रचू देऊ नका.

नवी जागा

किल्ली मिळाल्यापासून सामान येईपर्यंत निदान दोन-चार दिवस मोकळे ठेवावेत. मुहूर्ताला दूध उतू घाला, कलश ठेवा, वास्तुशांत करा, गाद्या मात्र नंतर. रिकाम्या घरात तपासणी पटकन होते: आधीच्या भाडेकरूंची कॉट कुठे होती ते भिंतीवरच्या घासलेल्या खुणांवरून कळतं. त्या भिंतीवरच्या भेगा, स्विचबोर्ड, खिळ्यांची भोकं आणि भिंतीतल्या कपाटाच्या कडा बघा. घरमालकांना विचारायला लाजू नका: "काका, आधीच्या लोकांना ढेकणांचा काही त्रास होता का हो?" उत्तर 'नाही' असंच येणार, पण विचारल्याची नोंद राहते. भेगा पांढऱ्या सिमेंटने किंवा पुट्टीने बुजवून घ्या. रंग देणार असाल तर रंगाऱ्याला हे आधी सांगा. खर्च किरकोळ, उपयोग मोठा.

इंटरनेटवर एक युक्ती फार सांगितली जाते: पलंगाच्या पायाखाली गुळगुळीत कडांच्या वाट्या ठेवा, ढेकूण आत पडतात आणि चढून बाहेर येऊ शकत नाहीत. परदेशात ते चालतं, कारण तिथला ढेकूण गुळगुळीत भिंतीवर घसरतो. आपल्याकडची हेमिप्टेरस जात मात्र अशा भिंतीवर त्याच्यापेक्षा चांगली चढते. म्हणून वाटी रिकामी दिसली तरी घर स्वच्छ असं धरून चालू नका. आपल्या आज्या मुंग्यांसाठी पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या, त्यात साबणाचं पाणी घातलं तर जास्त भरवसा. वाट्या ठेवल्या तर पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि चादर जमिनीला टेकू देऊ नका, नाहीतर त्यांना वेगळा जिना मिळतो.

पहिले दोन महिने दर आठवड्याला, चादर बदलताना, गादीची शिवण आणि दिवाणाच्या फळीची खालची बाजू बघायची. दोन महिने यासाठी की एखादं अंडं निसटून आलं असेल तर त्याचा ढेकूण होऊन पुढची अंडी पडायला साधारण तेवढाच वेळ लागतो. त्याआधी एक सापडला तर पलंगापुरतं काम आहे. दिवाळीपर्यंत थांबलात तर सगळ्या घराचं.

पुराच्या वेळची हलवाहलव

आपल्या गावात एक बिऱ्हाड असंही हलतं ज्याला ना मुहूर्त ना महिनाभराची तयारी. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ फुटांवर धोका, आणि नदीकाठच्या भागात वरच्या मजल्यावर, नातेवाइकांकडे, शाळेत नाहीतर मंगल कार्यालयात जायची धावपळ सुरू होते. ऑगस्ट २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा ज्यांनी हे केलं, त्यांना टॉर्च घेऊन शिवणी तपासा म्हणणं क्रूरपणाचं होईल. आधी माणसं, मग कागदपत्रं.

तरी एक गोष्ट तेव्हाही जमते. पावसाळ्याच्या तोंडाला चार-पाच मोठ्या जाड प्लास्टिक पिशव्या आणि चिकटपट्टी कपाटावर ठेवून द्यायची. अंथरूण उचलायची वेळ आली की सरळ पिशवीत आणि तोंड बंद. कोरडं राहतं, आणि छावणीत पन्नास घरांची अंथरुणं एकाच भिंतीला रचली जातात तेव्हा आपले ढेकूण दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याचे आपल्याकडे जात नाहीत. रात्री वापरायला काढलेली चादर-सतरंजी सकाळी वेगळ्या पिशवीत भरायची, न वापरलेल्यात मिसळायची नाही. घरी परतल्यावर गाळ काढायच्या गडबडीत तीच पिशवी पहिल्यांदा फोडून बाजेवर पसरली जाते. ती तशीच बांधून गॅलरीत ठेवा, आणि वीज येऊन गिझर चालू झाला की सगळं गरम पाण्यात टाका.